दोन दुकानांतल्या गोळ्या

मिस्त्री: गोळी मागितली मी, जबानी द्यायला नाही आलो. जिभेखाली ठेवायची ती. गॅरेजमधली डबी रिकामी निघाली. काढ लवकर.

मेव्हणा: देतो, दाजी. आधी आत या, या स्टुलावर बसा. छातीत कधीपासून दाटतंय?

मिस्त्री: अर्धा तास. बंद पडलेली गाडी आत ढकलली, तेव्हापासून.

मेव्हणा: तुम्ही ढकलली? हार्टच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? दोन वर्षं तुमची औषधं मी देतोय आणि दर महिन्याला एकच गोष्ट…

मिस्त्री: औषधवाला आहेस की शाळामास्तर? गोळी दे, मग काय ते भाषण कर.

मेव्हणा: हात इकडे. बीपीचा पट्टा बांधतोय. बोलू नका, आकडा चुकतो. चेहरा एवढा लाल का झालाय?

मिस्त्री: लाल नाही होणार तर काय? एक वाजल्यापासून पेंटरशी डोकं फोडतोय. पांढऱ्या गाडीचं दार रंगवायचंय. दोनदा रंग मिसळला त्याने, दोन्ही वेळा निळा मारतोय. आणि वर मलाच विचारतो, मिस्त्री, निळा कुठे दिसतो तुम्हाला? तीस वर्षं रंग जुळवतोय मी!

मेव्हणा: फक्त ते दारच निळं दिसतंय? माझा हा कोट बघा.

मिस्त्री: धुताना नीळ जास्त पडलीय.

मेव्हणा: आमच्याकडे नीळ वापरतच नाहीत. दाजी, आज काय घेतलंय तुम्ही?

मिस्त्री: काय घेणार? जेवलो.

मेव्हणा: गोळ्यांचं विचारतोय. चेहरा लाल, पांढऱ्यावर निळी झाक, आणि बीपी शहाण्णव. तुमचं एकशे तीसच्या खाली कधी उतरत नाही. हे तिन्ही एकत्र आणणारी औषधं फार नाहीत, आणि त्यातलं एकही मी तुम्हाला दिलेलं नाही.

मिस्त्री: तू देतोस, की मी दुसऱ्या दुकानात जाऊ?

मेव्हणा: दुसऱ्या दुकानात जाऊन आलेले दिसताच. शर्टाच्या खिशात काय आहे?

मिस्त्री: ए, हात लावू नकोस! ए!

मेव्हणा: सिल्डेनाफिल. पन्नास मिलिग्रॅम. दहाच्या पट्टीत चार उरल्यात.

मिस्त्री: हळू बोल की! बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

मेव्हणा: आज किती घेतल्या?

मिस्त्री: आधी ती पट्टी टेबलावर ठेव.

मेव्हणा: दाजी, किती?

मिस्त्री: तीन.

मेव्हणा: एकदम? किती वाजता?

मिस्त्री: बारा वाजता. आता पोलिसांना बोलावतोस का?

मेव्हणा: रुग्णवाहिकेला बोलावतोय. गप्प बसा. हॅलो? हो, मेडिकल स्टोअरमधून बोलतोय. पुरुष, वय चोपन्न, हार्टचा पेशंट, छातीत दाटतंय, बीपी शहाण्णव. तीन तासांपूर्वी दीडशे मिलिग्रॅम सिल्डेनाफिल. नाही, जिभेखालचं नायट्रेट दिलेलं नाही. देणार नाही. अ‍ॅस्पिरिन? हो, चघळायला देतो. बसवून ठेवलंय. पत्ता लिहून घ्या…

मिस्त्री: शहरभर दवंडी पिटलीस?

मेव्हणा: ही चघळा. गिळू नका, चघळा. आणि आता मला सांगा, तीन कोणी सांगितल्या?

मिस्त्री: सांगायला कोण कशाला पाहिजे? जेनेरिक आहे ती. त्या दुकानदाराने दोन पट्ट्या समोर ठेवल्या. म्हणाला, ही नावाची, ही जेनेरिक, काम तेच. काम तेच आणि किंमत दहावा हिस्सा? मी काय काल जन्मलो? डुप्लिकेट ब्रेक लायनर निम्मे दिवस टिकतं, डुप्लिकेट फिल्टर निम्मी धूळ अडवतं. हलका माल आहे तर जास्त घालायचा, सरळ गोष्ट आहे. एक घेतली, काही नाही. दोन घेतल्या, नुसतं डोकं दुखलं. म्हटलं, तीन लागतील, आधी दुपारीच घेऊन बघावं.

मेव्हणा: दोनला डोकं दुखलं! औषध तुमच्या डोक्यात ओरडून सांगत होतं, मी पोचलोय, मी पोचलोय. आणि तुम्ही म्हणता हलका माल!

मिस्त्री: माझ्यावर चढू नकोस. स्वस्त का मग?

मेव्हणा: कारण पहिल्या कंपनीने शोधून काढली, तेव्हा काही वर्षं दुसऱ्या कोणी बनवायची नाही असा कायदा होता. ती वर्षं संपली. आता कोणीही परवाना काढून बनवतं. शोधायचा खर्च नाही, जाहिरातीचा नाही. आतलं द्रव्य तेच, वजन तेच. माणसांना देऊन रक्त तपासतात, जुनी जेवढी चढते तेवढीच ही चढते का. तेव्हाच परवानगी मिळते. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला माल. हिने कोणाचं नाव चोरलंय? पट्टीवर स्वतःच्या कंपनीचं नाव आहे, परवान्याचा नंबर आहे. दहा नंबरचा बोल्ट कुठल्याही कारखान्यातून आला तरी पाना दहाचाच लागतो ना?

मिस्त्री: बोल्टाबोल्टात फरक असतो. माझ्यासमोर बोल्टाच्या गोष्टी करू नकोस.

मेव्हणा: असतो. औषधातही वाईट कारखाने असतात, नाही म्हणत नाही. पण हलका बोल्ट लागला म्हणून एका भोकात तीन घालत नाही तुम्ही!

मिस्त्री: मग पहिली का नाही चालली? सांग ना, शहाण्या.

मेव्हणा: कशी घेतली होती?

मिस्त्री: रात्री. जेवून.

मेव्हणा: भरपेट? तेलकट?

मिस्त्री: हो.

मेव्हणा: आणि थांबलात किती?

मिस्त्री: पंधरा मिनिटं. वीस असतील. घड्याळ समोरच होतं.

मेव्हणा: रिकाम्या पोटी तास लागतो तिला. तेलकट जेवणावर दोनसुद्धा लागतात. तुम्ही वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसलात आणि मग माल खराब! आणि गोळी आपणहून काही करत नाही, दाजी. मन लागतं, माणूस जवळ यावा लागतो. गोळी फक्त रक्ताची वाट मोकळी करते.

मिस्त्री: माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो.

मेव्हणा: हे बघा, ती माझी बहीण आहे. यापुढचं मला सांगू नका.

मिस्त्री: म्हणूनच तुझ्या दुकानात आलो नव्हतो! कळलं आता? दोन बस बदलून गेलो त्या दुकानात. तिथे मला कोणी दाजी म्हणत नाही.

मेव्हणा: आणि तिथे कोणाला माहीत नाही की तुम्ही छातीच्या गोळ्या घेता. त्याने विचारलं होतं का?

मिस्त्री: विचारलं.

मेव्हणा: काय सांगितलंत?

मिस्त्री: घोड्यासारखा आहे म्हटलं. त्याच्यासमोर काय रडू?

मेव्हणा: वा! त्याच्याकडे अर्धा माणूस, माझ्याकडे अर्धा. आता तुम्ही आत आल्या आल्या मी जिभेखालची काढून दिली असती तर? नेहमी देतो तशी? तीही नसा सैल करते, हीही करते. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब असा खाली जातो की परत वर आणता येत नाही. या स्टुलावरच गेला असतात तुम्ही. माझ्या हातून! बहिणीला मी काय सांगितलं असतं?

मिस्त्री: तिला काही सांगायचं नाही. अजूनही नाही. सांगितलंस तर या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

मेव्हणा: पायरी चढायला जिवंत राहा आधी. हार्टच्या डॉक्टरांना एक शब्द बोलला असतात तर ही वेळ आली नसती. छातीतल्या नसा अरुंद झाल्यात ना? तिकडच्याही नसाच आहेत. तुमचं वय, तुमचं हृदय, सगळं बघून त्यांनी काही ना काही वाट काढली असती. रोज असलीच माणसं बघतात ते.

मिस्त्री: असलीच म्हणजे कसली?

मेव्हणा: आजारी. दुसरं काय म्हणालो मी?

ताई: इथे बसलेत! पेंटरचा फोन आला, मिस्त्री छातीला हात लावून निघून गेले म्हणून. पोस्टातलं काम टाकून धावत आले मी. आणि तू बघत काय उभा आहेस? गोळी दिलीस का?

मेव्हणा: ताई, रुग्णवाहिका येतेय. त्यांना गोळी द्यायची नाही.

ताई: द्यायची नाही? डॉक्टरांनी सांगितलंय, दुखलं की लगेच जिभेखाली. माझ्या पर्समध्ये असते कायम. तोंड उघडा हो तुम्ही.

मेव्हणा: ताई, नको!

ताई: हात सोड माझा! वेड लागलंय का तुला? त्यांचा घाम बघ, कॉलर भिजलीय! जीभ वर करा, बघता काय?

मेव्हणा: ती गोळी तोंडात गेली तर ते मरतील. दाजी, तुम्ही सांगता की मी सांगू?

ताई: काय सांगायचंय?

मेव्हणा: दाजी!

मिस्त्री: ठेव ती पर्समध्ये. मी दुसरी घेतलीय. तीन.

ताई: दुसरी कसली?

मिस्त्री: ती पट्टी टेबलावर आहे. वाच.

ताई: हे नाव मला कळत नाही.

मिस्त्री: पुरुषाची असते ती गोळी. पुरुषाला… होत नसेल तर.

ताई: कशासाठी?

मिस्त्री: कशासाठी म्हणजे? तुझ्यासाठी.

ताई: माझ्यासाठी! मी अर्ज केला होता? खिडकीवर येऊन नंबर लावला होता, माझ्या नवऱ्याने तीन गोळ्या खाऊन छाती फोडून घ्यावी म्हणून?

मिस्त्री: आठ महिने भिंतीकडे तोंड करून झोपतेस. माणसाने काय समजायचं?

ताई: काय समजलात?

मिस्त्री: किळस आली असेल तुला. असं समजलो.

ताई: किळस! त्या रात्री जमलं नाही तेव्हा तुम्ही उठून न्हाणीघरात गेलात आणि नळ सोडून उभे राहिलात. मला काय ऐकू येत नव्हतं? परत आलात तेव्हा तुमच्याकडे बघितलं तर तुम्हाला अजून लाज वाटेल, म्हणून मी तोंड फिरवलं. दुसऱ्या रात्रीही म्हणूनच. मग तुम्ही बोलेनात, मग मलाही वळता येईना. आता मान दुखते माझी त्या कुशीवर. आणि तुम्ही म्हणता किळस!

मिस्त्री: तसं बोलायचंस तरी.

ताई: मी? मी बोलायचं? दुसऱ्यांच्या गाडीचा बारीक आवाज ऐकून कुठला स्क्रू सैल झालाय ते सांगता. घरात आठ महिने बायको गप्प आहे ते ऐकू आलं नाही? आणि तू रे, तुझ्याकडून नेल्या का यांनी?

मेव्हणा: नाही. दोन बस बदलून गेले होते.

ताई: बघ! तेवढ्या वेळात तीनदा बोलून झालं असतं.

मेव्हणा: ताई, नंतर भांड. दाजी, नीट ऐका. तिथे कोणी विचारेल, आज काय घेतलं. खरं सांगायचं. मी चिठ्ठी लिहितोय, पण चिठ्ठ्या हरवतात. तुम्ही शुद्धीत आहात तोवर तुमच्या तोंडून आलं पाहिजे.

मिस्त्री: तू ये की बरोबर. तू सांग.

मेव्हणा: दुकानात इन्सुलिनवाली माणसं उभी आहेत, मी लगेच निघू शकत नाही. दुकान बंद करून मागून येतो.

मिस्त्री: सगळ्यांच्या देखत विचारतील?

ताई: विचारू देत.

(रुग्णवाहिका दाराशी लागते. वाट द्यायला काउंटरवरची माणसं दोन्ही बाजूंना सरकून उभी राहतात आणि तिथूनच आत बघतात.)

रुग्णवाहिकेवाला: पेशंट कोण? हे का? काका, मोठ्याने बोला, गाडीचं इंजिन चालू आहे. आज कुठलं औषध घेतलंय?

मेव्हणा: दाजी, बोला.

मिस्त्री: घेतलंय. सिल्डेनाफिल. पन्नासची.

रुग्णवाहिकेवाला: ऐकू नाही आलं, काका. कसली गोळी?

मिस्त्री: ताठ व्हायची! ताठ व्हायची गोळी! तीन घेतल्या, बारा वाजता. छातीची जिभेखालची देऊ नका. आलं ऐकू?

रुग्णवाहिकेवाला: तीन? अहो काका, या वयात तीन कोणी घेतं? काही अक्कल…

ताई: ओ, त्यांच्यावर ओरडायचं ते मी ओरडेन. तुम्ही तिकडून धरा, मी या बाजूने धरते.