लांब बोटांचे हातमोजे

सासूबाई: फोटो तेवढे काढून घ्या, जावईबापू, आणि मग तो कॉम्प्युटर भंगारात जाऊ द्या. शिलाई मशीन न्यायला पाच वाजता माणूस येतोय. एकदाची खोली मोकळी होईल.

जावई: मशीनही? आई, चाळीस वर्षं हातमोजे शिवताय तुम्ही.

सासूबाई: शिवत होते. दीड महिन्यात तीन जोड परत आले. वेल्डरचा, रोपवाटिकेतल्या बाईंचा आणि त्या मोटरसायकलवाल्या मास्तरांचा. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं. तळवा चपखल बसतो, पण बोटांच्या टोकाला पोकळ राहतं. माझा हात गेला, दुसरं काय.

जावई: चष्मा तपासलात का?

सासूबाई: नवा केला. तुमच्या बायकोनेच नेलं होतं. काही फरक नाही.

जावई: हे सगळे हातांचेच फोटो आहेत की.

सासूबाई: गिऱ्हाइकांचे पंजे ते. स्कॅनरवर हात ठेवायचा, पडद्यावर खऱ्या मापात आणायचा, वर बटर पेपर धरायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. तुमच्या सासऱ्यांनी बसवून दिलं होतं सगळं. तुम्हाला काय वाटलं, मी यावर पत्ते खेळते?

जावई: खरं सांगू? तेच वाटलं होतं.

सासूबाई: धन्य आहे.

जावई: यात तुमचा स्वतःचा पंजा आहे का?

सासूबाई: पहिलाच. का?

जावई: हा उघडला. आता त्यावर हात ठेवा बघू.

सासूबाई: हे काय? तळवा बरोबर आहे. पण माझी बोटं आखूड पडतायत.

जावई: तुमची आखूड नाहीत. चित्रातली लांब झालीत. आई, हे मी केलंय.

सासूबाई: तुम्ही? कधी?

जावई: दीड महिन्यापूर्वी, त्या रविवारी. पडद्यावर चित्र कसं दाखवायचं ते सांभाळणारा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. तो जुना झाला म्हणून नवा टाकला. नव्याला तुमचा हा चौकोनी मॉनिटर ओळखता येईना. बाराशे ऐंशी बाय हजार चोवीस हे माप यादीतच नव्हतं, म्हणून उंचीला नऊशे साठवर ठेवून गेलो. म्हटलं, दिसतंय ना, झालं. मॉनिटर ते चित्र उभं ताणून पूर्ण पडदा भरत होता.

सासूबाई: पण मी पट्टी लावून बघायचे. दर वेळी.

जावई: कशी लावायचात?

सासूबाई: आडवी. तळव्यावर.

जावई: रुंदी बदललीच नाही. उभी लावली असतीत तर सापडलं असतं.

सासूबाई: दीड महिना मी माझ्या हातांना नावं ठेवली, जावईबापू. मास्तरांपुढे मान खाली घालून उभी राहिले. आणि तुम्ही दर रविवारी इथे जेवून जात होता.

जावई: मला ठाऊक नव्हतं. पण हात लावण्याआधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं.

सासूबाई: चुकलंच. राग आलाय मला. आधी दुरुस्त करा, किती आलाय ते मग सांगते.

जावई: यादीत नाही तर नाही, आकडे हाताने भरतो. रुंदी, उंची... आणि हे असं.

सासूबाई: काळा झाला. गेला का?

जावई: नाही. सेकंदाला किती वेळा चित्र बदलायचं, तो आकडा जास्त पडला. मॉनिटरला झेपला नाही. पंधरा सेकंद थांबा, आपोआप मागे येईल.

सासूबाई: म्हाताऱ्याला धावायला लावलंत.

जावई: आला बघा. आता पंच्याहत्तरऐवजी साठ. हं. ठेवा हात.

सासूबाई: थांबा, बांगडी मागे सारते.

जावई: आई? काय झालं?

सासूबाई: बसतंय. करंगळीच्या नखापर्यंत बसतंय. माझ्या हातात खोट नव्हती हो.

जावई: नव्हती.

(दारावरची बेल वाजते.)

जावई: पाच वाजले. मशीनवाला असेल.

सासूबाई: तुम्हीच उघडा. लांबून आलाय, पाणी विचारा त्याला. आणि जाताना ती पेन्सिल देऊन जा इकडे, मास्तरांचा पंजा पुन्हा काढायला घेते.

जावई: मशीनचं काय सांगू?

सासूबाई: सांगा, कामात आहे.