राणीच्या कपाळाला माझं बोट

…आणि वर सेटवरची माणसं मलाच विचारतात, मावशी, तुम्ही मध्ये कशाला कडमडलात? आता तुम्हीच सांगा, चार महिने मी घोडबंदरच्या त्या स्टुडिओत दासी आहे, आंबिवलीहून उजाडायच्या आत निघते, नऊवारी नेसते, नथ अडकवते, आणि राणीसाहेबांच्या मागे तबक धरून उभी. राणी हसली, मी उभी. राणी चिडली, मी उभी. संध्याकाळी सिरीयल लागली की सगळी आळी टीव्हीला डोळे लावून, आणि दिसतं काय, तर माझं कोपर! टेंभी नाक्याला दिलेली माझी नणंद रंभा फोन करून म्हणते, "वहिनी, आज तुझं कोपर जरा उतरल्यासारखं वाटलं." ऐकून घेतलं. करता काय?

पण त्या दिवशी राणीचं पतन होतं. पतन हा शब्द त्यांचा, आमच्या चौथीच्या पुस्तकापर्यंत काही तो आला नव्हता. म्हणजे काय, तर दिवाण खोटंनाटं सांगतो की राणीनं किल्ल्याची वाट शत्रूला दाखवली, राजा मान खाली घालून बसतो, मेला एक शब्द बोलत नाही, आणि राणीनं भर दरबारात राज्याचा शिक्का तबकात ठेवून चालतं व्हायचं. तबक कुणाचं? माझं! कॅमेरा तबकावर येणार, तिथून वर चढला की माझं तोंड. डायरेक्टर सौमित्रसर स्वतः म्हणाले, मावशी, आज तुम्ही दिसणार, फक्त हलू नका. मी दुपारच्या सुट्टीत फोनवरून अख्ख्या आळीला कळवलं, आणि तो भाग लागेल त्या दिवशी रंभेला मुद्दाम बोलावलं.

तर सीन सुरू झाला. राणी म्हणजे डोंबिवलीची श्रिया, एरवी डब्यातली भाजी माझ्यापुढं सरकवणारी पोर, आली, शिक्का ठेवला. दिवाण म्हणाला, निघा. ती वळली. एवढा मोठा दरबार, कुणी हललं नाही, आणि मी मागे तबक धरून उभी… आणि तबकात सकाळच्या पूजेच्या सीनचा कुंकवाचा करंडा तसाच राहिलेला! आता आमच्यात सवाष्ण उंबऱ्याबाहेर कुंकवाशिवाय जात नाही. भांडून निघाली तरी नाही. गणपतीत रंभा माझ्याशी भाकऱ्यांवरून भांडून तरातरा निघाली, तिलासुद्धा मी दातओठ खात कुंकू लावलं आणि तिनंही दातओठ खात लावून घेतलं. हाताची सवय! मला कळायच्या आत तोंडातून गेलं, "थांब गं बाय," आणि लावलं ना मी राणीला कुंकू.

श्रिया जी रडायला लागली, डोळ्यात काही न घालता. मला वाटलं, आता हाकलतात. तर सौमित्रसर म्हणाले, हे ठेवायचं. माझा जीव सुपाएवढा झाला! तर पुढं म्हणतात कसे, पण दासी बोलली, म्हणजे आता शिकलेली नटी पाहिजे.

करिश्मा म्हणून मुलगी आली. माझी नथ तिच्या नाकात, माझं तबक तिच्या हातात, आणि मी मागे, तबकही नाही, नुसती उभी. बरं, ती कुंकू लावते कशी, तर मोबाईलवर बोट दाबल्यासारखी! शिवाय एवढाली नखं, त्यांना निळा रंग. मग जवळून दाखवायला बोट तेवढं माझं घेतलं.

भाग लागला. घर माणसांनी भरलेलं. पडद्यावर करिश्माचं तोंड. रंभा म्हणाली, "वहिनी, ही तर कुणी दुसरीच." आणि मग सगळ्या टीव्हीभर माझं करंगळीशेजारचं बोट, तव्याच्या जुन्या डागासकट. रंभेनं डोळ्याला पदर लावला, हो, रंभेनं!

निघताना ती दारात थांबली, मी करंडा उघडला, तिनं माझा हात धरून ते बोट निरखलं आणि कपाळ पुढं केलं. "लाव," म्हणाली, "राणीला लावलंस तसं लाव. गणपतीसारखं नको."

तेव्हापासून आळीतल्या बायका येतात, चहा नको म्हणतात, टीव्हीतल्या बोटानं कुंकू लावून घेतात आणि जातात. तोंडाकडे बघायला कुणाला सवड आहे? आणि मी आपली दारात, करंडा धरून उभी.