इमामाचा पहिला धडा

मार्गिलान शहरातल्या मशिदीशेजारी नान घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या सानोबारच्या कानावर दारातलं बोलणं पडलं. राखणदार एका म्हातारीला अडवत होता.

"आजी, बायकांना आत मनाई आहे. पुरुषांचं लक्ष उडतं."

"माझ्याकडे बघून? ऐंशीव्या वर्षी बरं कौतुक केलंस बाबा."

"इमामसाहेबांचा हुकूम आहे."

"म्हणजे आमच्या मुहिद्दीनचा. सरकारनं नमाज-कुराणावर बंदी घालून इथं कापसाचं गोदाम केलं, तेव्हा तुमचे पुरुष अगदी लक्ष देऊन गप्प बसले होते. तो कुराण शिकला माझ्या स्वयंपाकघरात, दार लावून."

"मग काही निरोप देऊ?"

आतून इमामाचं पठण ऐकू आलं. म्हातारीनं कान दिला.

"सांग, अजून तिथंच अडखळतोस. उद्या घरी ये. माझ्याकडे पुरुषांना मनाई नाही."