गाण्यात आम्ही पलीकडे पोचतो

— नाही गं, ते रेकॉर्डिंगचं यंत्र बंदच ठेव. पर्समध्ये टाक. हां, चेन लाव. या खुर्चीत बसून लोक जे बोलतात ते मी बाहेर नेत नाही, आणि माझंही कुणी नेऊ नये, एवढंच. मान सरळ. नॅशव्हिलहून इतकी लांब गाडी हाकत आलीस आणि केसांची ही टोकं — कुणी कापले होते, तूच? वाटलंच. स्वयंपाकघरातल्या कात्रीने, आरशासमोर उभी राहून, कुणावर तरी चिडून. होतं तसं, मी विचारणार नाही. मुलाखत काही देत नाही मी तुला, पण केस नीट करून पाठवते. तुमच्या रेडिओला काय हवंय ते मला ठाऊक आहे — गाण्यातल्या क्लेटनची बहीण. तर ती मीच, स्टार्ला. बघून घे. तीन वर्षांत नऊ जण येऊन गेले विचारायला, एकाने तर फळं आणली होती. सगळ्यांचे केस कापून पाठवले.

तू आलीस ते बरोबर दिवशी आलीस मात्र. आज चार वाजता नव्या पुलाचं उद्घाटन आहे. उंच पूल बांधलाय, आता केवढंही पाणी येवो. क्लेटन हचिन्सचं नाव दिलंय त्याला, हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, वरून चादर टाकून ठेवलीय, पण काल वाऱ्याने उडाली तेव्हा सगळ्या गावाने वाचून घेतली. ते गाणं ज्याचं, तो गेज येणार, गिटार घेऊन, गाणं म्हणणार. आणि मग मी बोलायचं. आईने ठरवलंय. फार नाही — त्या दिवशी गाडी क्लेटन चालवत होता, आणि बुडताना त्याने मला खिडकीतून वर ढकललं. दोन वाक्यं. एवढंच बोल, म्हणाली, बाकी गेज गाईल. हसलीस ना? मलाही हसू आलं होतं तिच्यासमोर, म्हणून तिने बशी जरा जोरात आपटली. एकोणीस वर्षांत मी त्यातलं पहिलं वाक्य एकदाही उच्चारलेलं नाही, हे तिच्या लक्षात आहे. इतरांच्या नाही. इतरांना वाटतं, मी म्हटलंय कधीतरी. — डोकं जरा खाली.

गाणं आवडतं का तुला? नाही, खरं सांग, मला काहीच होत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुकानात मक्याच्या पिठाची पिशवी शोधत होते. वर छतातल्या स्पीकरमधून गेजचा आवाज. उन्हाळा, गवताचे गठ्ठे, मानेवर कुसळं, सोळा-सतराचं वय, आपल्याला काही होत नाही, कुणाला काही होत नाही — आणि मग फरशी पूल, वरून पाणी वाहतंय, कुणीतरी टपावर दोन थापा मारतं, आणि गाडी सरळ आत. आणि पलीकडे. गाण्यात आम्ही पलीकडे पोचतो. ओलेचिंब, हसत. मी पीठ घेतलं, रांगेत उभी राहिले, मागची बाई पायाने ठेका धरत होती. घरी येऊन भाकरी केल्या. आईने अजून ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऐकलं तिने, आणि तेव्हापासून रोज सकाळी कॉफीबरोबर. तिच्या पोराचं नाव लाखभर माणसं एका दमात घेतात, म्हणते, कुठल्या आईला मिळतं हे? आणि त्यात तो मरत नाही. हे ती म्हणत नाही, मी म्हणते.

त्या दोन थापा तर आता — तू गेली असशील ना त्याच्या कार्यक्रमांना? मग बघितलंच असशील. अख्खं मैदान पाय आपटतं. धप, धप. इथे येणारी माणसंसुद्धा दार दोनदाच वाजवायची, मुद्दाम, मला गंमत म्हणून. माझ्या हातातून कात्री निसटली एकदा, ओडेसाबाईंच्या कानाला लागली. त्या म्हणाल्या, अगं, एवढी दचकतेस तर वस्तरा हातात नको घेऊस, मला अजून एक कान लागतो चर्चमध्ये. म्हणून ती पाटी लावली दारावर — वाजवू नका, सरळ आत या.

गेज आला होता गाणं गाजल्यावर. याच खुर्चीत. चांगले बूट, दात नीट करून घेतलेले. लहानपणी रोज आमच्याकडे जेवायचा तो, आईच्या हातचे बीन्स चाटूनपुसून. मी म्हटलं, गेज, क्लेटन मेला ना रे. म्हणाला, ठाऊक आहे मला स्टार्ला, मी तिथेच होतो. मी म्हटलं, मग गाण्यात का नाही मेला? तर म्हणतो — मेलेल्या माणसाचं गाणं लोक गाडीत लावत नाहीत, गाडी चालवताना तर नाहीच. आणि हसला. मग हसणं थांबलं आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, टपावर थापा कुणी मारल्या ते मी कुठे सांगितलंय? 'कुणीतरी' म्हटलंय. तूही सांगितलं नाहीस कधी. मी म्हटलं, मान हलवू नकोस. कानामागचं बारीक करून दिलं. बस एवढंच बोललो आम्ही त्याविषयी. एकोणीस वर्षांत.

काय? — हो, त्यानेच मारल्या. मागे पिकअपच्या हौद्यात उभा होता ना तो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हौद्यातल्याला वरून दिसतं, आत बसलेल्याला काचेतून नुसतं तपकिरी पाणी दिसतं, म्हणून ज्याला दिसतं त्याने सांगायचं. असंच करतात सगळे. फरशीच्या कडेचे सिमेंटचे ठोकळे दिसत असले तर जायचं. ठोकळे दिसत होते. मला पण दिसत होते. तासाभरापूर्वी आम्ही त्याच पाण्यातून पलीकडे गेलो होतो, सत्तर गठ्ठे भरून, काहीसुद्धा झालं नव्हतं. पण तेव्हा गाडी भरलेली होती. येताना रिकामी. रिकामी गाडी पाण्याला हलकी लागते हे — हे कुणाच्या डोक्यात येतं गं सतराव्या वर्षी? चौदाव्या तर नाहीच. मी फरशीवर घातली, अर्ध्यापर्यंत चाकं जमिनीला लागत होती, आणि मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं हातात. लोण्यात चमचा फिरवावा तसं. आवाज नाही, काही नाही. नुसती गाडी तिरकी होत —

मी घातली म्हटलं का मी?

बरं. म्हटलं.

हलू नकोस, कात्री आहे. अगं मी काही रडणार नाहीये, मला येत नाही रडू त्याचं, मला त्याचं काहीच होत नाही, तुला आधीच सांगितलं. ऐक, तू शहरातली, तुला कळणार नाही म्हणून सांगते. गवत भरायच्या दिवसांत घरातलं सगळ्यात लहान पोर गाडी चालवतं. थोरल्यांनी शेतातून चालत गठ्ठे उचलून हौद्यात फेकायचे, आणि ज्याला गठ्ठा उचलत नाही त्याने स्टिअरिंग धरायचं. पहिला गिअर, मुंगीच्या चालीने. सात-आठ वर्षांची पोरं चालवतात. मी नवव्या वर्षापासून चालवत होते. या तालुक्यात एक माणूस असा नाही ज्याला हे ठाऊक नाही. चौकशीला आलेला शेरीफ स्वतः लहानपणी असाच चालवायचा. आणि तरी कुणाच्या मनात आलं नाही. दिवसभर गाडी मीच चालवली होती, कोठारात गठ्ठे उतरवले, आणि क्लेटनने दुसऱ्या बाजूने आत येऊन बूट काढले, पाय वर घेतले, म्हणाला, चालव तूच गं, मी मेलोय. म्हणजे दमलोय. तसंच बोलायचा तो.

सांगितलं गेजने. मी नाही. मी काठावर घोंगडी गुंडाळून बसले होते, दात वाजत होते, शेरीफने विचारलं, गाडी कोण चालवत होतं, आणि गेज म्हणाला, क्लेटन. लगेच. मला वाचवायला म्हणाला की आपल्या थापांकडे कुणी वळू नये म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. शेरीफने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. अशी. एवढीशीच. थंडीने हलली असंही म्हणता येईल. मी पुष्कळ वर्षं तसंच म्हणत आले मनात. म्हणून बोलायचं आलं की — मान हलवणं वेगळं ना गं? तोंडाने म्हणणं वेगळं. नाही का? तुला काय वाटतं? नको, राहू दे.

आणि ढकललं मात्र त्याने खरंच. ते खोटं नाही. माझ्या बाजूची खिडकी उघडी होती, पाणी मांडीपर्यंत आलं, आणि त्याने माझ्या कमरेला धरून मला बाहेर काढलं, वर. मला वाटलं, तो मागून येतोय. पण सीट. जुन्या पिकअपची सीट सलग असते, बाकासारखी, एकाने पुढे घेतली तर दोघंही पुढे. माझे पाय क्लचला पोचावेत म्हणून मी सकाळीच ती पार पुढे ओढली होती. तो सहा फूट दोन इंच. त्याचे गुडघे डॅशबोर्डला रुतलेले होते, दिवसभर त्यावरून मला चिडवत होता, बुटके, तुझ्यापायी मी लंगडा होणार. दोन दिवसांनी गाडी प्रवाहात खाली सापडली, साडेतीन मैलांवर, आणि — हो. तशीच. गुडघे तसेच.

तुला पाणी हवंय का? तोंड उतरलंय तुझं. त्या टेबलावर बाटली आहे, मान न हलवता घेता आली तर घे.

सगळ्यांत मला एकच गोष्ट समजत नाही, ती सांगते आणि संपवते. भंगारवाला हार्लन, दाढी कापायला येतो माझ्याकडे. गेल्या वर्षी बसल्या बसल्या सहज म्हणाला, तुझी आई आली होती माझ्या आवारात तेव्हा, गाडीतून क्लेटनचे बूट न्यायला. दार उघडून आत बसली, स्टिअरिंगमागे, आणि तासभर बसून राहिली गं. मीही मनात म्हटलं, बसू द्यावं. म्हणाला, एवढीशी बाई, पण पाय कसे तिचे नीट पोचत होते खाली, सीट हलवावीसुद्धा लागली नाही. असं म्हणाला, आणि विचारायला लागला की टर्कीच्या शिकारीचा हंगाम कधी सुरू होतोय. माझी आई पाच फूट एक इंच. मीही तेवढीच. चौदाव्या वर्षीही तेवढीच होते.

म्हणजे तिला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं. शेरीफला, गावाला कधी कळलं नाही ते, गाडी सापडल्यापासून. त्या दिवशी भंगारातून घरी येऊन तिने बूट पायरीवर वाळत ठेवले, मला अंडी करून दिली, वर सॉस घातला, मला आवडतो तसा. आणि आता तीच म्हणते, चार वाजता सगळ्यांसमोर उभी राहा आणि म्हण. ती मला त्यातून सोडवतेय, की — तिने सांगितल्यापासून मी हाच विचार करतेय. एकदा म्हटलं की कायमचं झालं, पाटीवर, पुलावर, गाण्यात, सगळीकडे तेच. मी मोकळी. किंवा मग तिला ऐकायचंय, मी खरंच म्हणते का. माझ्या तोंडून, त्याच्या नावावर. दोन्ही शक्य आहे. ती चांगली बाई आहे, दोन्ही शक्य आहे. विचारता येत नाही, कारण विचारलं म्हणजे सांगितलंच ना.

मागे बघ आता, आरसा धरते. सरळ झालेत. रेषा आली. हे पुढचे जरा — थांब. गाडी आली कुणाची. आईचीच. तीन वाजायचेत अजून, हिला घाई. हे बघ, तू काही बोलायचं नाहीस. इथे केस कापायला आलीस, पूल बघायला आलीस, बस. तिच्या डोळ्यांकडे बघू नकोस, तुला चेहरा लपवता येत नाही, मघापासून आरशात बघतेय मी.

— ये आई. नाही, झालंच आमचं. ही नॅशव्हिलची, रेडिओची. हो, जेवलीय म्हणते. — निळाच घातलास ते बरं केलंस. — हो, मी पण बदलते कपडे, वेळ आहे. — काय? — आहे गं लक्षात. दोनच तर वाक्यं आहेत. — आत्ता? हिच्यासमोर कशाला? — बरं. बरं, म्हणते, तू बस तिथे आधी. पर्स खाली ठेव. — नाही, कात्री ठेवून म्हणते. — हं.

त्या दिवशी गाडी