सुरात रडा, मावशी!

…आणि वरून मलाच म्हणतो, "ओमभाऊ, मावशीले सांग ना जरा, सुरात रडा म्हणून!" सुरात रडा! तुम्हाला सांगतो, कानावर हेडफोन होते म्हणून, नाहीतर माझे कान तिथेच गळून पडले असते! अहो, पोरीला वाटे लावताना आई रडते ती काय आधी पेटीवर पट्टी धरून रडते? पण हा राजकुमार! यवतमाळात एका कृषी केंद्राच्या वर याचा स्टुडिओ. जिन्यात फवारणीच्या औषधाचा वास, वर भिंतींना काळा स्पंज, आणि आत हा, टोपी उलटी घालून, कशालाही एकच उत्तर, "टेन्शन नको घेऊ भाऊ, मिक्समध्ये होऊन जाते!"

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा पोरगा एवढा उकळतोय कशाला.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा पुसदकडचा. आमच्यात पोरगी सासरी निघाली की आई तिच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते. ते ढावलो. लिहिलेलं नाही, पाठ केलेलं नाही, त्या घडीला जे आठवेल ते. एप्रिलमध्ये माझ्या बहिणीचं, जयाचं लग्न झालं, वणीला दिली तिला. याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, मानीबाईनं, तिच्या गळ्यात पडून ढावलो धरलं आणि नेमका त्याच वेळी डीजेवाल्यानं असा काही आवाज सोडला, असा काही सोडला… मांडवाचे खांब नाचत होते हो! वणीला पोचल्यावर जया फोनवर रडली. "दादा, याडी काय म्हनत होती रे? मले नुसतं तोंड हलताना दिसलं."

झालं! माझं डोकं फिरलं. कॉलेजात संस्कृतीवर भाषणं ठोकलेला मी, आणि माझ्याच बहिणीला आईचं ढावलो ऐकू येऊ नये? म्हटलं, जये, मी तुला ते रेकॉर्ड करून देतो! ती बिचारी म्हणाली, "मोबाइलवर कर ना मग." मोबाइलवर? छे! स्टुडिओत करू, असं करू की सगळं जग ऐकेल! आता तुम्हीच सांगा, मधे जगाला कोणी बोलावलं होतं? मीच बोलावलं!

तर मे महिना, यवतमाळचं ऊन, आणि याडीला एका कपाटाएवढ्या खोलीत उभं केलं. पंखा बंद. का? तर पंख्याचा आवाज येतो. मग राजकुमार म्हणतो, "मावशी, त्या बांगड्या काढून ठेवता का?" कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या बाईला हा सांगतो! याडी म्हणाली, "काहून? माहा मालक जिता हाय ना बाबू!" शेवटी दोन्ही हातांना टॉवेल गुंडाळले. भाजलेल्या पेशंटसारखी उभी बिचारी. तरी आतून बांगड्या किणकिणतातच. मी म्हटलं, राजकुमार, हे कसं? "टेन्शन नको घेऊ भाऊ, मिक्समध्ये होऊन जाते!"

कानात हेडफोन, हेडफोनमध्ये टिक टिक टिक. म्हणजे तालात राहायचं. याडी म्हणते, "हे घड्याळ कायले वाजून राह्यलं? पोरीची गाडी सुटून राह्यली का?" मग आमच्या बोलीत मला विचारते, "कुण जारी छ?" जातंय कोण? कोणी जात नसताना ढावलो कसं धरायचं? म्हटलं, याडी, जयाच चालली असं समज, तिच्यासाठीच आहे. तिनं इकडं तिकडं पाहिलं. गळा पाहिजे ना पडायला! आणि तुम्हाला सांगतो, समोर तो माइक होता, उंच दांड्यावर, मान वाकवून उभा… तिनं टॉवेल गुंडाळलेले दोन्ही हात त्याच्याच गळ्यात टाकले आणि जी काही सुरुवात केली! जयानं वाढवलेली लंगडी बकरी, जयाचा ताप, जयाची कॉलेजची बॅग… माझे डोळे भरून आले. राजकुमार काचेमागून ओरडतोय, "मावशी, माइकले हात नका लावू! गडगड येते!"

संपलं तेव्हा मला हुंदका आवरत नव्हता. राजकुमार म्हणतो, "एक नंबर! आता अजून एकदा."

याडी पाहतच राहिली. "अजून एकदा कशी? गेली ना पोरगी! परत कायले आनतं तिले? सासरच्यायनं टाकली का?"

आता हिला कसं समजवायचं? जयासाठी, जयासाठी म्हणत मी तिला पुन्हा पुन्हा उभी करत होतो. प्रत्येक टेकला जया माहेरी परत येत होती आणि प्रत्येक टेकला याडी तिला नव्यानं वाटे लावत होती! शब्द तर दर वेळी वेगळे. एकदा बकरी, एकदा विहीर, एकदा तर वणीच्या विहीणबाईंचा असा उद्धार केला की मी घाईघाईनं दार लावून घेतलं. राजकुमार म्हणतो, "मावशी, मघाचंच म्हना ना!" ती म्हणते, "मघा ते आठवलं होतं, आता हे आठवते." आणि तेव्हाच तो मला म्हणाला… हो, तेच. सुरात रडा!

मग मिक्स. ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते मिक्स! आधी बांगड्या गेल्या. मग श्वास गेला. "मधेमधे श्वास घेतात भाऊ मावशी, खराब वाटते." अहो, नाही घेतला तर मरेल ती! मग कापणं. या टेकमधली बकरी, त्या टेकमधली विहीर, जोडून एक ओळ. मग रडताना आवाज जिथे जिथे फाटला, तिथे तिथे शिवून सरळ केला. आणि खाली ढोल, गिटार, बेस. मी म्हटलं, हे कशाला? "नुसतं रडनं कोन ऐकते भाऊ? तरुणांपर्यंत जायचं ना?" तरुणांपर्यंत! माझ्याच भाषणांतला शब्द माझ्या तोंडावर मारला त्यानं. आणि याडीचा हुंदका कापून त्यानं तालावर बसवला. हुं-हुं, हुं-हुं, हुं-हुं! मी कासावीस होऊन म्हटलं, अरे, यात माझी आई कुठंय? "टेन्शन नको घेऊ, मास्टरिंगमध्ये होऊन जाते!"

मास्टरिंग म्हणजे काय माहितेय का? गाण्यातलं हळू असेल तेही वर ओढायचं, जोरात असेल ते छताखाली दाबून धरायचं, म्हणजे सगळंच सारखं जोरात. पोतं भरताना पायानं दाबतात ना, तसं. बाजारातल्या गाण्यांपुढे आमचं बारीक वाटायला लागलं, तेव्हा वाढव म्हणालो मीच. अजून वाढव. अजून! माझ्या आईचं गाणं का कमी पडावं?

तांड्यावर आणून याडीला ऐकवलं. मन लावून ऐकलं तिनं. म्हणाली, "चांगली गाते बाई. कोन्या तांड्याची हाय?"

तरी मी ते तांड्याच्या ग्रुपवर टाकलं, जयाला पाठवलं. तिचा फोन आला, "दादा… त्यात पन डीजे ठेवलाच का रे?"

तरी मी उमेद सोडली नव्हती हो! पेरणीआधीचा शेवटचा मुहूर्त, काकाच्या पोरीचं, संगीताचं लग्न, जया वणीहून आलेली. म्हटलं, आता समोरासमोर ऐकेल. संगीता निघाली, याडी तिच्या गळ्यात पडली, जया अगदी चिकटून उभी, कान याडीच्या तोंडाशी. याडीनं तोंड उघडलं आणि डीजेवाला माइकवर ओरडला, "आपल्या तांड्याची शान, ओमभाऊचं गानं!"

हुं-हुं! हुं-हुं! हुं-हुं!

वर खोक्यांतून याडी रडतेय, खाली मांडवात याडी रडतेय, आणि वरची याडी खालच्या याडीचं काही ऐकूच येऊ देत नाही! मी धावलो. अरे, कमी कर! डीजेवाला म्हणतो, "कमीच ठेवला भाऊ, गानंच ठासून भरेल हाय!" तिकडून जया हातवारे करून विचारतेय, काय म्हणतो तो? मी तोंडाला हात लावून जीव खाऊन ओरडलो, "आता काही होत नाही, जये! मास्टरिंग झालंय!"

तिला काय ऐकू जाणार… माझं नुसतं तोंड हलताना दिसलं असेल.