तोंड भरलं म्हनत होते सगळे

आमी कासार, शिरूर अनंतपाळचे. माजी सासू डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव बांगड्या भरायची, तिच्या मागं मी, तीस वर्सं झाली बगा. शाळा चौथीपातूर, पन नुसता पंजा धरला की माप सांगते, सव्वादोन का अडीच, अन् आजपातूर माज्या हातून कुन्या बाईला ओरखडा न्हाई. हाव, हाय मला घमेंड, का म्हून नसावी?

तर सविताचं सांगते. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराची सून, सातवा महिना, डोहाळजेवन, हिरवा चुडा भरायला मला बोलावलेलं. तिचं तोंड असं टम्म, डोळे बारीक झालेले, अन् बाया खूश, पोरीनं कसं अंग धरलं म्हनायल्या, तिची सासू तर दृष्ट काढूकाढू थकली.

मी हात धरला. लग्नात मीच सव्वादोन भरलेल्या, आता अडीच बी चढंना. मनगटाजवळ अंगठा दाबला, तर काय सांगू तुमाला, खड्डा पडला अन् तसाच राहिला. मांस असलं की वर येतंय, हे पानी होतं. कानात इचारलं, सकाळी डोळे उघडतेत का गं. म्हनली, न्हाई काकू, पापन्या लई सुजतेत, मला लग्नाआदीपसून लुपस हाय, आपलीच ताकद आपल्याच अंगावर उलटती तो रोग, घरी ठावं हाय, पन गोळ्या मीच सोडल्या गुपचूप, बाळाला बाधतील म्हनून.

पेटी झाकली अन् सगळ्यांदेखत म्हनलं, मी चुडा भरत न्हाई, आदी हिला लातूरला न्या. सासू कसली भडकली बापा! पोटुशीला पाटावरून रिकाम्या हातानं उठवतीस, जीभ झडली न्हाई तुजी? मी काय ऐकनारी हाय व्हय? म्हनलं, शिव्या दे अक्का, पन गाडी काढ.

नेलं. मूत्रपिंडाला सूज, बीपी वर गेलेला. डॉक्टरीनबाई म्हनल्या, अजून चार दिस गेले असते तर दोगं बी हाती लागले नसते, अन् हे ध्यानात कुनाच्या आलं? तर सासूच म्हनली, आमच्या कासारनीच्या. ऐकून माजी छाती अशी फुगली, खोटं कशाला बोलू.

पोरगी आठव्यातच झाली, एवढुशी, आता घरभर चालती. सासू सोता गोळी सविताच्या हातावर ठेवती. तिचं तोंड अजून गोल हाय, ही सूज औषधाची, हळूहळू उतरंल म्हनतेत. परवा आरशापुढं रडायली, काकू, मी भोपळ्यावानी दिसते. मी म्हनलं, दिसू दे की. तुज्या लेकीला दुसरं तोंड ठावंच न्हाई तुजं, ह्येच बघून ती झेप घेती. गोळी चुकवू नगंस बाई, शंभर वर्सं जग.