फोन घरी का दुकानात?

फोन घरी घ्यावा का दुकानात, हे मला विचारूच नका. वाडीला माझं टायरचं दुकान होतं. वर्षानुवर्षं वाट पाहून फोन मंजूर झाला, तर बायको म्हणते, “दुकानात काहून? घरी लावा. मायबाबाचा आवाज तरी ऐकाले भेटन.”

लावला घरी. तिच्या गावात फोन फक्त पोस्टात. हौसेनं कोण ट्रंककॉल करतो? पण अख्ख्या गल्लीनं आमचा नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन टाकला. अन् ट्रंककॉल आला, की कोणीतरी गेलेलंच असायचं. तो निरोप घरोघरी पोचवायचं काम हिच्याकडे.

संक्रांतीला ही समोरच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला गेली. हिला दारात पाहताच तिथली बाई मटकन खालीच बसली. “कोण गेलं वं माह्या घरचं?”

ही तशीच परत आली. “तो फोन दुकानात न्या. मले नाही पाहिजे.”

नेला. पुढे एकदा भरदुपारी मी दुकान बंद करून घरी आलो. एरवी दुपारी मी कधी येत नसे. ही तांदूळ निवडत होती. मी चपला काढायच्या आत हिनं विचारलं, “माय का बाबा?”